पहिलं दान कुणाचं?

दिवाळीच्या पाडव्याला एक जुनं नाव आहे, द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर-पार्वती सारीपाट खेळायला बसले, शंकर हरले आणि पार्वती जिंकली, म्हणून पाडव्याला घरोघर पट मांडायचा, असं माझी आजी सांगायची. वेरूळला एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, हा डाव दगडात कोरलेला आहे. एकोणतिसाव्या लेण्यातही आहे. आजीच्या कथेत कोण जिंकलं ते होतं, कोण रुसलं तेही होतं. पहिलं दान कुणी टाकलं, हे मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

हा प्रश्न किरकोळ वाटेल. पण ज्या घरात दोन मुलं आणि एक पट आहे, त्या घराला विचारा. ‘मी पहिला’ यावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी हरण्यावरून होत नाहीत. मुलांचं चुकतं असंही नाही. बहुतेक खेळांत पहिल्या पाळीला खरंच थोडा जास्त भाव असतो. तो किती असतो, कुठून येतो आणि नियम बदलून कमी करता येतो का, हा विचार गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या डोक्यात घोळतोय. त्याला कारण आमचे शेजारी.

शिराझ, सांगली आणि वेस्ट ब्रिजफर्ड

आमच्या शेजारचे आजोबा मूळचे शिराझचे. नॉटिंगहॅममध्ये त्यांना चाळीसेक वर्षं झाली. ऊन पडलं की ते बागेत टेबल मांडतात आणि त्यावर लाकडी, नक्षीचा पट उघडतात. इंग्रज त्याला बॅकगॅमन म्हणतात, ते ‘तख्ते नर्द’ म्हणतात. माझे बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या सांगलीतला माणूस, त्यामुळे पट दिसला की पाय आपोआप तिकडे वळणार. तिसऱ्या दिवशी कुंपणाच्या अलीकडून पलीकडे चहा गेला आणि चौथ्या दिवशी बाबा गेले.

बाबांचं इंग्रजी जेमतेम, आजोबांचं फार्सी-मिश्रित. पण फाशांवरचे आकडे ते फार्सीत पुकारायचे, ‘चहार’, ‘पंज’, ‘शेश’. बाबांना पंजा आणि छक्का लहानपणापासून माहीत. अर्ध्या तासात दोघांची भाषा एक झाली. खेळाची कूळकथाही दोघांना जोडणारीच आहे. भारतातल्या एका राजानं इराणच्या खुस्रो बादशहाकडे बुद्धिबळाचा पट पाठवला आणि ‘याचे नियम ओळखा’ असं आव्हान दिलं. वजीर बुजुर्गमेहरनं ते ओळखलं आणि उलट भेट म्हणून नर्दचा पट पाठवला. ही कथा पहलवी भाषेतल्या जुन्या पुस्तकात आहे, शाहनाम्यातही आहे. इतिहास म्हणून ती खरी असो-नसो, आमच्या कुंपणावर तिचा प्रयोग रोज व्हायचा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पटावर चोवीस घरं, दोघांच्या प्रत्येकी पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. दोघं विरुद्ध दिशांनी सोंगट्या आपल्या घरात आणतात आणि मग पटावरून उचलतात. ज्याच्या सगळ्या आधी उचलून झाल्या तो जिंकला. एकटी सापडलेली सोंगटी मारता येते. एका घरात दोन सोंगट्या बसल्या की ते घर पक्कं, दुसऱ्याला तिथे उतरता येत नाही. दोन्ही फाशांवर सारखा आकडा पडला, म्हणजे जोडी आली, की तो आकडा दोनदा न खेळता चारदा खेळायचा. सारीपाट खेळलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही.

आजोबांच्या घरची रीत अशी की पहिल्या डावाला एकेक फासा टाकायचा. ज्याचा आकडा मोठा त्याची पाळी, आणि त्यानं मग दोन्ही फासे नव्यानं टाकायचे. पुढच्या डावापासून जो जिंकेल त्याची पहिली पाळी. ग्रीक आणि तुर्की चहाखान्यांतही साधारण हीच पद्धत आहे. पहिल्या आठवड्यात आजोबा सतत जिंकत होते, त्यामुळे सतत पहिले खेळत होते. एकदा त्यांनी पहिल्याच दानाला सहा-सहाची जोडी टाकली. बाबा घरी येऊन म्हणाले, “अगं, जिंकणाऱ्यालाच पहिली पाळी म्हणजे ज्याच्या पानात श्रीखंड त्यालाच पुन्हा वाढप. हरणाऱ्यानं करायचं काय?”

एक फासा तुझा, एक माझा

बाबांच्या तक्रारीचं उत्तर बॅकगॅमनच्या आजच्या स्पर्धांच्या नियमात आहे. मला तो नियम फार आवडला, कारण तो इतका साधा आहे की त्यातली युक्ती चटकन लक्षातच येत नाही. सुरुवातीला दोघंही एकेक फासा टाकतात. मोठा आकडा ज्याचा तो पहिला खेळतो. पण तो नव्यानं फासे टाकत नाही. पटावर पडलेले ते दोन आकडे, एक स्वतःचा आणि एक समोरच्याचा, हेच त्याचं पहिलं दान. दोघांचे आकडे सारखे आले तर पुन्हा टाकायचे.

याचा परिणाम असा की पहिल्या दानाला जोडी येऊच शकत नाही. समोरच्याला मात्र त्याच्या पहिल्या दानाला जोडी येऊ शकते, सहात एकदा.

मी वहीत हिशेब मांडून पाहिला. दोन फाशांची सरासरी बेरीज सात. जोडी आली की ती दुप्पट होते, ते धरलं तर एका दानाची सरासरी आठ आणि वर एक षष्ठांश घरं. जोडी वगळली की सरासरी नेमकी सातवर येते. सुरुवातीला दोघांनाही आपापल्या सोंगट्या उचलून संपवायला एकूण १६७ घरं चालायची असतात. ज्याची पाळी आधी तो सरासरीनं अर्धं दान पुढे असतो, म्हणजे साधारण चार घरं. जोडी काढून घेतल्यावर त्यातलं एक घर आणि वर थोडं कमी होतं. चाराची आघाडी तीनवर येते. कुणावर अन्याय नाही, कुणाला उसनी सवलत नाही, नुसती फासे टाकायची रीत बदलली आणि पहिलेपणाचा चौथा हिस्सा गळून गेला.

उरलेला फायदा किती, हे आता बरंच नेमकं कळतं. १९९२ साली आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी ‘टीडी-गॅमन’ नावाचा प्रोग्रॅम केला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला, आणि पहिल्या दानाला काय खेळावं याबद्दलची जाणत्यांची कित्येक मतं त्यानं बदलायला लावली. असे प्रोग्रॅम आज सांगतात की दोघं तोडीस तोड असतील, तर पहिला खेळणारा शंभरातले एकावन्न-बावन्न डाव जिंकतो. तीन-एक हे सगळ्यांत चांगलं दान. त्यानं आपल्या अंगणातलं मोक्याचं पाचवं घर लगेच पक्कं होतं आणि जिंकायची शक्यता पंचावन्नच्या घरात जाते. उलट चार-एक किंवा सहा-दोन आलं तर पहिली पाळी मिळूनही हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

मग उरलेला एक-दोन टक्के काढायला आणखी नियम करावा का? त्यासाठी एक जुनी युक्ती सुचते. दोन भावंडांत एक लाडू वाटायचा असेल तर आई काय करते? एकानं मोडायचा, दुसऱ्यानं निवडायचा. कित्येक खेळांत हाच नियम आहे. पहिल्यानं पहिली खेळी करायची आणि दुसऱ्यानं ठरवायचं की आपली बाजू ठेवायची की त्याची घ्यायची. हेक्स नावाच्या पटावरच्या खेळात पहिला खेळणारा बिनचूक खेळला तर हरूच शकत नाही, त्यामुळे तिथे ही अदलाबदल फार उपयोगी पडते. फार चांगली खेळी केली तर समोरचा ती पळवतो, म्हणून पहिला खेळणारा मुद्दामच बेताची खेळी करतो.

बाबांनी आणि मी हे बॅकगॅमनमध्ये करून पाहिलं. जमलं नाही, आणि का जमलं नाही ते कळायला आम्हाला दोन संध्याकाळी लागल्या. लाडू मोडणारा हात माणसाचा असतो. तो सुरी सरकवून दोन्ही भाग सारखे करू शकतो. फासा कुणाच्या हातातला नाही. तीन-एक पडलं की समोरचा म्हणणार, ‘ही बाजू माझी.’ चार-एक पडलं की म्हणणार, ‘तुझं तुलाच लखलाभ.’ म्हणजे चांगलं दान नेहमी दुसऱ्याकडे जाणार आणि आधी पहिल्याचा असलेला फायदा आता दुसऱ्याचा होणार. भांडण मिटत नाही, फक्त बाजू बदलतं.

यातून मला एक गोष्ट पटली. पहिलेपणाचा फायदा कमी करायचा असेल तर तो कुठून येतो ते आधी पाहायला हवं. नशिबातून येत असेल तर नशिबाचा मोठा घास छाटायचा, बॅकगॅमननं जोडी छाटली तसा. माणसाच्या हातातून येत असेल तर समोरच्याला निवडू द्यायचं. आणि नुसत्या पाळीतून येत असेल तर पाळी फिरती ठेवायची. बाकीच्या दोन तऱ्हांची उदाहरणं शोधायला मला नॉटिंगहॅमच्या बाहेर जावं लागलं नाही.

ट्रेंट ब्रिजचं नाणं

आमच्या घरापासून ट्रेंट ब्रिज चालत वीस मिनिटांवर. ६ ऑगस्ट २०१५ला तिथे इंग्लंडनं नाणेफेक जिंकली, ऑस्ट्रेलियाला फलंदाजी दिली आणि उपाहाराच्या आत त्यांचा डाव ६० धावांत गुंडाळला. १८.३ षटकांत सगळं आटोपलं. नॉटिंगहॅमशायरच्याच स्टुअर्ट ब्रॉडनं १५ धावांत ८ गडी घेतले. ब्रॉडचं कौतुक आहेच, पण ढगाळ हवा, हिरवी खेळपट्टी आणि पहिल्या सकाळी चेंडू कुणाच्या हातात, हे ठरवलं एका नाण्यानं.

त्याच वर्षी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळापुढे कौंटी क्रिकेटचा वेगळा प्रश्न होता. यजमान कौंट्या आपल्या वेगवान गोलंदाजांना धार्जिण्या खेळपट्ट्या करत आणि फिरकी गोलंदाजांना कामच उरत नसे. म्हणून २०१६च्या हंगामापासून नियम आला. पाहुण्या कर्णधाराला आधी गोलंदाजी करायची असेल तर नाणेफेक नाही, त्यानं सरळ गोलंदाजी घ्यायची. त्याला ती नको असेल तरच नाणं उडवायचं. म्हणजे खेळपट्टी तुम्ही करा, निवड आम्ही करतो. लाडू मोडायचा आणि निवडायचा तोच न्याय. खेळपट्टी माणूस बनवतो, फाशासारखी ती आभाळातून पडत नाही, म्हणून इथे ही युक्ती लागू पडते. २०२०पासून तो नियम मागे घेतला. पण २०२४ साली बीसीसीआयनं तेवीस वर्षांखालच्या सी. के. नायडू करंडकात नाणेफेक काढून पाहुण्या संघाला निवड द्यायचं ठरवलं. नायडू नागपूरचे, भारताचे पहिले कसोटी कर्णधार.

पांढरी आणि काळी

दुसरं उदाहरण बुद्धिबळाचं. इथे फासा नाही, खेळपट्टी नाही, फायदा फक्त पाळीचा. पांढरी मोहरी घेणारा पहिला खेळतो आणि बरोबरीचा अर्धा गुण धरला तर मोठ्या स्पर्धांत पांढऱ्याच्या पदरात शंभरातले चोपन्न-पंचावन्न गुण पडतात. यावरचा उपाय जुना आणि सरळ आहे, प्रत्येकाला पांढरी आणि काळी सारखीच द्यायची. १० ते २८ ऑगस्ट १९३६ या काळात नॉटिंगहॅमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालेली स्पर्धा बुद्धिबळाच्या इतिहासातल्या नामांकित स्पर्धांपैकी एक. लास्कर, कॅपाब्लांका, अलेखाइन, ऑयवे आणि पुढे जगज्जेता झालेला बॉटविनिक, असे पाच जण एकाच छताखाली. खेळाडू पंधरा, प्रत्येकाचे डाव चौदा, सात पांढऱ्यांनी आणि सात काळ्यांनी. चौदापैकी दहा गुण मिळवून बॉटविनिक आणि कॅपाब्लांका जोडीनं पहिले आले. पुढे कुणाला म्हणायची सोय राहिली नाही की अमक्याला पांढरी जास्त मिळाली.

काळी मिळाली म्हणून हरायलाच हवं असंही नाही. जुलै २०२५मध्ये बाटुमीला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकली. कोनेरू हंपीविरुद्धच्या अंतिम फेरीतला निर्णायक जलद डाव ती काळ्या मोहऱ्यांनीच जिंकली. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअॅप गटावर जेवढे पेढे वाटले गेले, तेवढे खरे असते तर अर्ध्या नॉटिंगहॅमला पुरले असते. पण दिव्याला काळ्यांनी जिंकता आलं म्हणून पाळी सारखी वाटायची गरज संपत नाही. त्या फेरीतही दोघींना पांढरी सारखीच मिळाली होती.

आपल्या मातीतल्या खोखोत तर हे मुळातच आहे. एक संघ पाठलाग करतो तेव्हा दुसरा पळतो, मग उलट, आणि हे दोनदा. नाणेफेक जिंकलात तर क्रम तुमचा, पाळ्या दोघांना सारख्या.

आणि आपला कॅरम

आता मूळ मुद्द्यावर येते. गेल्या दिवाळीत आपल्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेत मी गुण लिहायला बसले होते. नावं सोळा, कॅरम चार, वेळ कमी, म्हणून प्रत्येक लढत एकाच बोर्डाची. पहिल्या फेरीत एका दहा वर्षांच्या मुलीची गाठ आपल्या एका काकांशी पडली. काका गिरगावच्या चाळीत वाढलेले. नाणेफेक त्यांनी जिंकली आणि ब्रेक घेतला. पांढऱ्या नऊच्या नऊ सोंगट्या आणि क्वीन, सगळं एका हातात संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्या होत्या, असा हात आयुष्यात चार वेळा बघायला मिळतो. समोर ती मुलगी स्ट्रायकरकडे बघत बसली होती. तिनं त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं आणि ती स्पर्धेतून बाद झाली होती. काकांनाच वाईट वाटलं. ते म्हणाले, “बेटा, चल, आणखी एक खेळू.” ती म्हणाली, “इट्स ओके, काका,” आणि आईचा कोट शोधायला गेली.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. पण कॅरमच्या मूळ नियमांत याची सोय आहे, ती आपण वेळ वाचवायला काढून टाकली आहे. खरा गेम पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो आणि ब्रेक आलटून-पालटून असतो. आठही बोर्ड झाले तर प्रत्येकाला चार ब्रेक. एका बोर्डाची लढत म्हणजे एका नाण्याची लढत. ज्याच्या हातात कसब आहे त्याला आपण वर नाणंही देतो.

या वर्षीच्या बैठकीत मी एक साधा प्रस्ताव ठेवला. प्रत्येक लढत दोन बोर्डांची, ब्रेक एकेक, दोन्हीचे गुण मिळवून निकाल. बरोबरी झाली तर तिसरा बोर्ड आणि त्यालाच फक्त नाणं. पहिला आक्षेप आला तो जेवणाला उशीर होईल हा, आणि आपल्या मंडळात यापेक्षा गंभीर आक्षेप नसतो. म्हणून हिशेब लिहूनच नेला होता. एक बोर्ड दहा मिनिटांचा धरला तर चार कॅरमवर सोळा जणांची स्पर्धा आतापर्यंत पन्नास मिनिटांत व्हायची. दोन बोर्डांनी ती शंभर मिनिटांत होईल. हॉल तीन तासांचा घेतलेला असतो. पन्नास मिनिटं आपण एरवीही प्रोजेक्टर लागत नाही म्हणून घालवतोच.

एका ज्येष्ठांनी विचारलं, “काका दुसऱ्या बोर्डातही जिंकतीलच, मग फरक काय पडणार?” प्रश्न बरोबर आहे. काका बहुतेक जिंकतीलच, आणि जिंकावं त्यांनी. नियम बदलून दहा वर्षांची मुलगी गिरगावकराला हरवणार नाही. पण तिच्या हातात स्ट्रायकर येईल. दोन सोंगट्या घालेल, एखादी कट मारेल, सगळ्यांना दिसेल की तिलाही खेळता येतं. हरल्यावर ती कोट शोधणार नाही, ‘पुढच्या वर्षी’ म्हणेल. आपल्या मंडळाला पुढची वीस वर्षं काढायची असतील तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणणारी मुलंच लागणार आहेत.

आणि परक्या गावात उशिरा येऊन बसलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे येताना पट मांडलेला होता, घरं पक्की झालेली होती. कुणी आपल्यासाठी डाव सोडावा अशी अपेक्षा आपण केली नाही. आपली पाळी आली की ती खरोखर आपली असावी, एवढंच मागितलं. तेवढं आपल्या कॅरमवर आपण देऊ शकतो.

प्रस्ताव मंजूर झाला आहे. पाडव्याच्या शनिवारी दुपारी दोन वाजता हॉलवर या. बोरिक पावडर मंडळाची, स्ट्रायकर ज्याचा त्यानं आणला तरी चालेल. ज्यांना कॅरम नको त्यांच्यासाठी कोपऱ्यात बॅकगॅमनचा पट असेल. शेजारच्या आजोबांनी तो एका दिवसासाठी द्यायचं कबूल केलंय, आणि पहिलं दान एकेक फासा टाकून ठरवायलाही ते तयार झालेत. बाबा सांगलीहून व्हिडिओ कॉलवर खात्री करून घेणार आहेत.